खालची ओळ कोणी वाजवायची

बाई, येत्या शनिवारी संध्याकाळी, तुमच्या चर्चच्या सणाच्या आदल्या दिवशी, तेच गाणं पुन्हा होणार आहे, आणि त्याची खालची ओळ कोणी वाजवायची हे या खेपेला मला ठरवायचं आहे. तुम्ही असता तर हा प्रश्न एका वाक्यात निकालात निघाला असता, आणि ते वाक्यसुद्धा तुम्ही पुरतं उच्चारलं नसतंत. मी पडलो शब्दप्रभू. गेला पंधरवडा मी या विषयाचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मनोमन मांडतो आहे, उभय पक्षांना मीच टाळ्या देतो आहे, आणि निर्णय मात्र शून्य. म्हणून हे पत्र. ते कोणत्या पेटीत टाकायचं याची मला कल्पना नाही. आपल्या टपालखात्याची कीर्ती मोठी असली, तरी तिलाही काही मर्यादा असाव्यात.

प्रथम कुशल. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला आहे, की अस्मादिकांच्या केसांनी कृष्णपक्षातून शुक्लपक्षात प्रवेश केला आहे, आणि उदराचा घेर चेलोच्या घेराशी बरोबरी करू लागला आहे; वाजवायला बसलो की दोघांतलं वाद्य कोणतं, असा संभ्रम श्रोत्यांना पडतो. अलिबागच्या शाळेत मी संस्कृत शिकवतो. मुलं गुणांसाठी येतात, गुण घेऊन जातात, आणि सुभाषितं तेवढी वर्गात माझ्यापाशी राहतात. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनारपट्टीवरचा मी एकमेव चेलोवादक आहे, म्हणजे सर्वश्रेष्ठही मीच आणि सर्वात कनिष्ठही मीच. हे वाक्य मी प्रत्येक समारंभात म्हणतो. लोक हसतात. तुम्ही हसला नसतात. तुम्ही ‘झालं?’ एवढंच विचारलं असतंत.

तुमचं हे ‘झालं?’ मी प्रथम ऐकलं ते आठवीच्या वर्गात. मुख्याध्यापकांच्या प्रार्थनोत्तर भाषणाची हुबेहूब नक्कल मी बाकावर उभा राहून सादर करतो आहे, वर्ग लोळतो आहे, आणि दारात तुम्ही, सुती पातळाचा पदर खोचून, हातात संगीताच्या तासाची हजेरी. तुम्ही मला थांबवत नाही. मी ‘जय हिंद’पर्यंत पोहोचेस्तोवर उभ्या राहता. मग तो प्रश्न. मग माझा डावा हात धरून तुम्ही तो बाकावर पालथा घातलात, आणि शिंप्याने माप घ्यावं तशी बोटं ताणून पाहिलीत. “संध्याकाळी चर्चला ये. मागच्या दाराने.” मागच्या का, हे तुम्ही सांगितलं नाहीत. चौलच्या एका भिक्षुकाचा मुलगा चर्चच्या पुढच्या दाराने शिरताना दिसला, तर ती वार्ता त्याच्याआधी घरी पोहोचेल, हे मला नंतर सुचलं. तुमची कारणं नेहमी नंतरच सुचायची. ती सुचायला मला किती काळ लागू शकतो, हे या पत्रात पुढे येईलच.

वेदीमागच्या खोलीत तो चेलो, व्हायोलिनचा माणसाएवढा थोरला भाऊ, उभा होता. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात हयात घालवून अखेरीस खाडीकाठी राहायला आलेल्या कुणा वादकाने तो चर्चला देऊन टाकलेला. त्याच्या खोळीत पालीने संसार मांडला होता. मला व्हायोलिन हवं होतं. व्हायोलिन वरची ओळ वाजवतं, लोकांचे डोळे त्याच्यावर असतात, शिवाय ते सायकलवरून नेता येतं. मी हे सारे मुद्दे आपल्यासमोर क्रमवार मांडले. तुम्ही म्हणालात, “तू फार बोलतोस. तुला खालची ओळ.” वडील एकदा चौकशीला आले तेव्हाचं आठवतं का? चपला बाहेर काढून ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न केला, “याच्या तारा कशाच्या?” तुम्ही म्हणालात, “पोलादाच्या.” “पूर्वी आतड्याच्या असत, असं ऐकिवात आहे.” “असत. आपल्या हवेत टिकत नाहीत, भटजीबुवा. फुगतात नि तुटतात.” वडील समाधान पावून परतले. खाऱ्या हवेने धर्म राखल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

खालची ओळ म्हणजे काय, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही ओट्याशी बांगडे साफ करता आहात. माझ्यासमोर चहा आणि केळं. माझा पेला वेगळा, नवा, कपाटात वरच्या फळीवर. तो तुम्ही खास माझ्यासाठी आणला होतात, आणि त्यात तुमच्या घरचं मासळीचं काही कधी पडू दिलं नाहीत. “तीनशे वर्षांपूर्वीची ही गाणी,” तुम्ही सुरी न थांबवता सांगताय, “लिहिणाऱ्याने वरचा आवाज लिहिला, नि तळाची ओळ लिहिली. तळाच्या ओळीवर आकडे घातले. मधलं काही लिहिलं नाही. पायपेटीवाल्याने डाव्या हाताने ती ओळ वाजवायची, उजव्या हाताने आकडे बघून मधलं तिथल्या तिथे भरायचं. नि ती ओळ पातळ लागू नये म्हणून सोबत आणखी कुणीतरी तीच वाजवायची.” मी विचारलं, “कुणी?” “ते लिहिलेलं नसतं. चेलो, डबल बास, बॅसून. घरात जे असेल ते.” मी म्हणालो, म्हणजे रचनाकाराने ऐन महत्त्वाच्या ठिकाणी जबाबदारी झटकली. तुम्ही बांगड्यावर पाणी ओतलंत. “झटकली नाही. गाणारा कोण असेल, ते त्याला ठाऊक नव्हतं.”

हे वाक्य माझ्या कानांवर पडलं होतं, बाई. मला ते शब्दशः पाठ आहे. पाठ असणं आणि कळणं यांतलं अंतर मी स्वतः रोज सात तास वर्गात बघतो, तरी स्वतःच्या बाबतीत ते मला दिसायला उभी हयात लागली.

‘घरात जे असेल ते’ हे आपलं तत्त्व दिसायला उदार होतं. घरात होतं काय, तर मी, आणि नौदलाच्या बँडमधून सेवानिवृत्त होऊन थेरोंड्याच्या कोळीवाड्यात परतलेले आपले नाखवा, फुंकून वाजवायच्या त्यांच्या बॅसूनसह. त्यांनी जन्मात होडी बाळगली नाही, पण एवढं लांब लाकडी वाद्य छातीशी तिरपं धरून चालणाऱ्या माणसाला वाडीने दुसरी कोणती पदवी द्यावी? सगळा वृंद गात असेल तर आम्ही दोघंही वाजवायचो. एकटा आवाज गात असला की तुम्ही पायपेटीचा भाता पायांनी हलवत, पानावरून नजर न काढता निवाडा करायचात: “तू.” “तू नको.” ओळ वर चढून पोरांच्या आवाजात घुसायला लागली की आम्हा दोघांनाही “गप.” कारण कधीच नाही. मी नाखवांना एकदा विचारलं, बाई हे ठरवतात कशावरून? नाखवा म्हणाले, “माज्याकडं बघून न्हाय. तुज्याकडं बघून तर न्हायच न्हाय.”

आणि मग ते गाणं. लॅटिन शब्द, स्त्रीचा खालच्या पट्टीतला एकटा आवाज, आणि त्याच्याखाली ती एक ओळ; दुसरं काहीही नाही. गाणार तुमची भाची. माझ्याच वयाची, तुमच्याच घरात वाढलेली, वर्गात माझ्या कोणत्याही विनोदाला न हसणारी. हे तुमच्या घराण्यातच असावं. मी त्या ओळीच्या प्रेमात पडलो होतो. ओळीच्याच, नाखवांनी इतरही काही तर्क लढवले होते, त्यांचा इथे साधार प्रतिवाद करण्याचं प्रयोजन नाही. सुपारीच्या वाडीत बसून मी ती पावसाळाभर घोटली. एकेक स्वर दुसऱ्यात असा मिसळत गेला, की कुठे चेलोचा गज उलटा फिरला ते मलाच कळू नये. तिच्यासोबत तालमीतही वाजवली. चांगली वाजत होती. हे मी आत्मस्तुती म्हणून लिहीत नाही. ती चांगली वाजत होती हेच पुढच्या सगळ्याचं दुखणं आहे.

सणाआधीच्या शेवटच्या तालमीला तुम्ही पायपेटीचं झाकण उघडता उघडता म्हणालात, “हे नाखवा वाजवेल. तू पानं उलट.”

मी म्हणालो, “जशी आज्ञा.”

बाई, माझी ही अलंकृत भाषा त्या क्षणी जन्माला आली. तोवर मी बडबड्या होतो. त्या दिवसापासून मी औपचारिक झालो. सणाच्या संध्याकाळी मी तुमच्या डाव्या खांद्यामागे उभा आहे. चर्च भरलेलं, पुढून दुसऱ्या बाकावर वसईहून आलेले परके पाहुणे, आणि नाखवा आपल्या त्या लाकडी नळ्यातून माझी ओळ ठिकठिकाणी तोडताहेत. थोडं वाजवतात, खांदे वर उचलून श्वास घेतात, पुढे जातात. मी मनात प्रत्येक फट मोजली. मी असतो तर एकही फट राहिली नसती. भाचीचं गाणं सर्वांना आवडलं, वसईकर बाईंनी डोळे पुसले, आणि मी पानं बिनचूक उलटली. त्याबद्दल माझं अभिनंदन कोणी केलं नाही, हे जाताजाता नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मुंबईहून मागवलेला राळेचा नवा खडा दिलात, गजाला घासायचा, निळ्या फडक्यात गुंडाळलेला. नुसतं “घे” म्हणालात. मला ते सांत्वनपर पारितोषिक वाटलं. मी तो कधी वापरला नाही. अजून खोळीच्या खिशात आहे. राळ फार जुनी झाली की काचेसारखी होते आणि गजाच्या केसांना धरत नाही. परवा घासून पाहिली, नुसती करकरली.

त्यानंतर मी तुम्हाला सोडून गेलो असतो तर निदान एक नाट्यपूर्ण प्रकरण झालं असतं. मी गेलो नाही. पुढे कित्येक वर्षं दर गुरुवारी येत राहिलो, वाजवत राहिलो, वरच्या फळीवरच्या त्या पेल्यातून चहा पीत राहिलो. भाची लग्न होऊन वसईला गेली. आपण हवामानावर बोललो, नारळाच्या पडलेल्या भावावर बोललो, लॅटिन आणि संस्कृत यांच्या विभक्तींतल्या साम्यावर तर मी एकट्याने पुष्कळ बोललो. ‘हे नाखवा वाजवेल’ या एका वाक्याबद्दल मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटे, यांनी सांगावं. तुम्हाला काय वाटे, हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही काही कमी नव्हतात बाई. ओळखीच्या माणसाला एवढ्या वर्षांत एखादं कारण सांगायला काय लागतं, असं मी परवापर्यंत म्हणत होतो.

अलिबागच्या इस्पितळात तुम्हाला शेवटचं पाहिलं. खिडकीबाहेर न्यायालयाकडे जाणाऱ्या रिक्षांचा गोंगाट, खाटेवर तुम्ही, एवढ्याशा. म्हणालात, “पायपेटीच्या भात्याला उंदीर लागलेत. बघून घे.” मी हात जोडून म्हणालो, “मूषकनिवारणार्थ योग्य ती उपाययोजना सत्वर करण्यात येईल.” तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “झालं?” आणि या वेळी थांबलात. उत्तराची वाट बघावी तशा. मी म्हणालो, “झालं.” घड्याळ पाहिलं, केळी उशाशी ठेवली आणि निघालो. ती केळी मी चहासोबत तुमच्याकडे खाल्लेल्या केळ्यांची परतफेड म्हणून आणली होती, असा एक विनोदही तयार होता. तो वाया गेला.

आता वर्तमानकाळ. भाची परत आली आहे. नवरा गेला, मुलगा कॅनडात, वसईचा फ्लॅट बंद करून ती तुमच्या घरी राहायला आली. मला चर्चच्या पायरीवर भेटली आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, “मावशीचं ते गाणं सणाला परत करू या. आता नाही तर मग राहीलच.” मी सांप्रत या वृंदाचा सर्वाधिकारी असल्याने संमती दिली. पायपेटीवर तुमच्या जागी आलेल्या संगीतशिक्षिका. त्याही निवृत्तीला आल्या आहेत, पण भाता शाबूत आहे. उंदरांचं मी खरोखरच बघितलं होतं. घरात जे आहे ते पूर्वीपेक्षा अंमळ अधिक आहे. मांडव्याला गाड्यांसकट माणसं उतरवणारी बोट सुरू झाल्यापासून मुंबईचे एक दंतवैद्य शनिवार-रविवार इकडच्या बंगल्यावर येतात, आणि गाडीच्या टपाला बांधून डबल बास आणतात. गृहस्थ सज्जन, उत्साह अमर्याद. पहिल्या तालमीला म्हणाले, “मी सगळंच वाजवतो, बॉटम सॉलिड पाहिजे.” डबल बास लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली बोलतो. एवढ्याशा चर्चमध्ये, एकट्या गळ्याखाली, तो बोलू लागला तेव्हा बाकं थरथरली आणि भाचीचा आवाज विहिरीच्या काठावर उभ्या पोरासारखा वाटू लागला. नाखवा मागच्या बाकावरून म्हणाले, “डाक्टर, दात उपटताव का गानं वाजवताव?” डॉक्टर मनमोकळं हसले आणि समूहगानापुरते राहायला कबूल झाले.

उरलो आम्ही दोघे, पूर्वीचेच. नाखवा आता ऐंशीच्या घरात आहेत. पायऱ्या चढून आले की थोडा वेळ बोलत नाहीत, नुसता हात वर करून थांबा म्हणतात. बॅसून मात्र तेल लावून चकचकीत. सर्वाधिकारी या नात्याने मी घोषणा केली की प्रकृतिमानाचा विचार करता ही ओळ चेलोने वाजवणं उचित ठरेल. नाखवांनी मान हलवली, हो म्हणून की बरंय म्हणून ते कळलं नाही, आणि बॅसून मांडीवर आडवा ठेवून बसले. बाई, घोषणा पुरी व्हायच्या आतच मी गज उचलला होता. मला ती ओळ मिळाली होती. तुम्ही जाऊन इतक्या वर्षांनी, प्रतिस्पर्ध्याचं वय झालं म्हणून, पण मिळाली होती.

वाजवली. सुपारीच्या वाडीत घोटली होती तशीच अखंड. बाहेर वाडीत कुणीतरी पोपटी लावली होती. मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास धुरासोबत खिडकीतून आत येत होता. डॉक्टर डोळे मिटून ऐकताहेत. पहिलं पान संपेस्तोवर माझं भाचीकडे लक्षही नव्हतं. मग आवाज आला नाही. मी पुढचे चार स्वर एकटाच वाजवून गेलो. पाहिलं तर ती बाकाला धरून वाकली होती, पर्समध्ये काहीतरी शोधत होती. दम्याचा पंप काढला, तोंडाशी धरला, ओढला. पुष्कळ वेळाने बसली.

मी म्हणालो, “धूर आहे. खिडक्या लावतो. आणि मी अजून हळू वाजवतो.”

“हळूचं नाही रे.” अजून तिचा श्वास खाली बसला नव्हता. “तू थांबतच नाहीस.”

“कुठे थांबायचं?”

“मी थांबते तिथे.”

“पण ओळ तर पुढे जाते—”

“त्याला काय ठाव?” नाखवा मागून म्हणाले. “त्याच्या पेटाऱ्याला नाक कुठं हाय?”

मग ते उठले, पुढे आले, बॅसून छातीशी घेतला. “चल गं बाय. तू घे दम, मंग मी घेतो.” पायपेटी सुरू झाली, आणि तुमच्या नंतरच्या बाईंच्या पायाखाली भाता उघडला, मिटला. भाची गायली. ओळ तुटत होती, तेव्हा तुटली होती त्याहून जास्त. पण ती जिथे थांबत होती तिथेच ते थांबत होते. खांदे तिचेही वर जात, त्यांचेही. भाता त्याच वेळी भरत होता. गज मांडीवर ठेवून मी बघत होतो, आणि मला दिसलं की त्या गाण्यात जे जे काही आहे त्या सगळ्याला श्वास घ्यावा लागतो. गळ्याला, बॅसूनला, पायपेटीला. एकट्या मला लागत नाही. गज उलटा फिरवला की झालं. वाजवणाऱ्याला वाट बघायचं कारणच उरत नाही. मी जिला फट समजलो, मोजून ठेवली, वर्षानुवर्षं उगाळली, ती तुम्ही तिच्यासाठी बसवलेली खिडकी होती.

तालीम संपल्यावर पायरीवर बसून मी तिला विचारलं, “तेव्हाही होता का गं हा दमा?”

“लहानपणापासून. आता निदान पंप तरी उघड्यावर ओढते.” ती चपला घालत होती. “तू सोबत असलास की मला तुझ्यामागे धावावं लागायचं. तालमीत मी दोनदा बाहेर गेले होते, तुला वाटलं पाणी प्यायला. मावशीने बघितलं.”

“मग मला सांगायचं ना. मी थांबलो असतो.”

“कसं सांगणार? वसईची माणसं बघायला आली होती ना सणाला. दम्याची मुलगी कोण करून घेतं? मावशीने माझ्या सासूलाच काय, इथल्या फादरनाही कळू दिलं नाही. नवऱ्याला मी लग्नानंतर सांगितलं.” मग माझ्याकडे पाहून, अगदी तुमच्याच कोरड्या चेहऱ्याने, “आणि तुला सांगितलं असतं, तर गुरुवारी सांगितलेलं शुक्रवारी अलिबागच्या एसटी स्टँडवर ऐकू आलं असतं.”

मी म्हणालो, “हा माझ्या चारित्र्यावर आघात आहे.” ती हसली. पहिल्यांदा, माझ्या माहितीप्रमाणे.

घरी येऊन मी रागावलो. तुमच्यावर. इतका विश्वास नव्हता तर शिकवलंत कशाला, वरच्या फळीवर पेला ठेवलात कशाला? आणि नंतर, तिचं लग्न होऊन ती सुखाने नांदू लागल्यावर, तेव्हा तरी? मग आठवलं की लग्नानंतरही ती सासू हयात होतीच, सणासुदीला इकडे यायची, आणि आपल्याकडे बातमीला खाडी ओलांडायला होडी लागत नाही. तुम्ही एका मुलीचा संसार सांभाळत होतात. त्यापुढे एका बडबड्या शिष्याची नाराजी तुम्ही परवडण्याजोगी मानलीत, आणि दर गुरुवारी त्या नाराजीला चहा पाजलात. इस्पितळात मात्र तुम्ही थांबला होतात. त्या थांबण्याचा अर्थ मी आता लावतो आहे, आणि तो बरोबर आहे का, हे विचारायला कुणी नाही. मी त्या वेळी एक प्रश्न विचारला असता, अगदी साध्या मराठीत, तर बहुधा तुम्ही सांगितलं असतंत. माझ्यापाशी साधी मराठी शिल्लक नव्हती.

तर निर्णय. संगीतदृष्ट्या विचारलंत तर दोन्ही पर्याय सदोष आहेत. नाखवांचा दम दुसऱ्या पानापुढे टिकत नाही, आणि गाणं उलटून पहिल्या भागावर परत जातं तिथे तर ते पार संपतात. मी परवा त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, नाखवा, ओळ तुमचीच. ते सुकी मासळी, वाकटी, निवडत असलेल्या सुनेकडे बघून म्हणाले, “बघ, मास्तर आज संस्कृत न्हाय बोलला. कायतरी झालाय त्याला.” मग म्हणाले, “वाजवतो की. पन मधी माजा दम गेला तं तू धर. नि ती थांबल तवा थांब. नायतं पानं उलट.”

म्हणजे शनिवारी मी चेलो घेऊन बसणार, गज तारेवर टेकवून, न वाजवता. कदाचित एकही स्वर वाजवावा लागणार नाही. कदाचित मधूनच उचलावा लागेल, आणि तो कुठे, हे आधी कळणार नाही. म्हणून पहिल्या स्वरापासून तिच्यासोबत, त्यांच्यासोबत श्वास घेत राहायचं आहे. काल स्वयंपाकघरात एकटाच तसं करून पाहिलं. भलतं अवघड आहे. चहा उतू गेला.

हे पत्र निळ्या फडक्यात, तुमच्या त्या निकामी राळेसोबत, चेलोच्या खोळीत राहील. एक गोष्ट तेवढी राहिली. वर मी भाचीला म्हणालो ना, की मला सांगितलं असतं तर मी थांबलो असतो, ते खरं आहे. थांबलो असतो. पण ती म्हणाली तेही खरं आहे. मी ते एसटी स्टँडवर सांगितलं असतं. वाईट हेतूने नव्हे. एखादं चांगलं वाक्य सुचलं असतं, लोक हसले असते. पण सांगितलं असतं.

झालं, बाई.